चालू अभिक्रियेतले तांबे : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

प्रकल्पाची वही आजपासून सुरू करीत आहे. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांपासून मिथेनॉल बनवणाऱ्या तांबे–झिंक ऑक्साइड–अ‍ॅल्युमिना उत्प्रेरकात, अभिक्रिया प्रत्यक्ष चालू असताना, तांबे कोणत्या अवस्थेत असते हे क्ष-किरण शोषणाच्या साहाय्याने पाहणे, एवढाच या प्रकल्पाचा उद्देश आहे. उत्प्रेरक नवा नाही. १९६६ साली इंग्लंडमधील बिलिंगहॅम येथे आयसीआय कंपनीने तांब्याचा उत्प्रेरक वापरून कमी दाबाची मिथेनॉल प्रक्रिया सुरू केली. त्यापूर्वीच्या झिंक–क्रोमियम ऑक्साइडच्या प्रक्रियेला साडेतीनशे अंशांच्या आसपासचे तापमान आणि २५० बारहून अधिक दाब लागत असे. तांब्याने हे काम २५० अंश आणि ५० ते १०० बारवर आणले. तरीही यातला क्रियाशील भाग नेमका कोणता, झिंक तिथे काय करते, यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

उत्प्रेरक नळीतून बाहेर काढून मग तपासण्यात अर्थ नाही, कारण क्षपण झालेले (ऑक्सिजन काढून धातूरूप केलेले) बारीक तांबे हवा लागताच ऑक्साइड होऊ लागते. तसे करणे म्हणजे पंगत उठल्यावर खरकट्या पानावरून स्वयंपाक कसा झाला होता हे सांगण्यासारखे आहे. म्हणून ‘ऑपरेंडो’ मापन हवे. हा लॅटिन शब्द आहे, अर्थ ‘काम करताना’. आमच्या गटात त्याची अट एकच ठरली आहे : ज्या नमुन्याचा वर्णपट घेतला, त्याच नमुन्यातून, त्याच क्षणी, काय बाहेर पडत होते याची नोंद सोबत असली पाहिजे. ती नसेल तर त्या मापनाला ऑपरेंडो म्हणायचे नाही.

१४ जानेवारी

सहअवक्षेपणाने केलेला उत्प्रेरक तयार आहे. तांबे, झिंक आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या नायट्रेटांचे द्रावण व सोडियम कार्बोनेट ६५ अंशांवर एकत्र करून अवक्षेप मुरू दिला, सोडियम जाईपर्यंत धुतला, आणि ३३० अंशांवर भाजला. वजनी प्रमाण सुमारे ६० टक्के कॉपर ऑक्साइड, ३० टक्के झिंक ऑक्साइड आणि १० टक्के अ‍ॅल्युमिना असे आहे.

आजचा दिवस जाडीच्या हिशेबात गेला. तांब्याच्या के-एजवर, म्हणजे ८९७९ इलेक्ट्रॉनव्होल्टवर, वस्तुमान-शोषणांक दर ग्रॅमला ३८ चौरस सेंटिमीटरवरून एकदम २७८ वर जातो. ही २४० ची पायरी एक एककाच्या आसपास मोजता यावी, तर किरणांच्या वाटेत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ मिलिग्रॅमच तांबे असायला हवे. आमची क्वार्ट्झची केशनळी आतून ०.८ मिलिमीटर रुंद आहे. तीत उत्प्रेरक नुसताच भरला, तर वाटेत ३८ मिलिग्रॅम तांबे येते आणि पायरी नऊ एककांची होते. म्हणजे नळीपलीकडे व्यवहारात काहीच पोहोचत नाही. म्हणून एक भाग उत्प्रेरकाला आठ भाग बोरॉन नायट्राइड मिसळायचे ठरले. बोरॉन आणि नायट्रोजन हे दोन्ही हलके असल्याने या किरणांना जवळजवळ पारदर्शक आहेत, आणि बोरॉन नायट्राइड अभिक्रियेतही लुडबुड करत नाही.

किंमत अर्थातच मोजावी लागते. दहा मिलिमीटर लांबीच्या थरात आता जेमतेम अर्धा मिलिग्रॅम उत्प्रेरक राहतो, आणि एवढ्याशा उत्प्रेरकाने बनवलेले मिथेनॉल मास स्पेक्ट्रोमीटरला (वायूतले रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या उपकरणाला) दिसावे अशी अपेक्षा आहे. क्ष-किरणांना पातळ नमुना हवा, वायूच्या विश्लेषणाला भरपूर. या दोघांचे भांडण प्रकल्पभर चालणार. थर तीस मिलिमीटर लांब करून, किरण मात्र मधल्याच एका जागी सोडून, त्यातल्या त्यात तडजोड केली आहे.

२२ जानेवारी

तापमानाचा प्रश्न. केशनळी खालून येणाऱ्या गरम हवेच्या झोतात असते आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नळीच्या बाहेर, दोन मिलिमीटर अंतरावर. नियंत्रक जो आकडा दाखवतो तो झोताचा असतो, उत्प्रेरकाचा नव्हे.

खात्री करण्यासाठी नळीत बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांमध्ये कथिलाचा बारीक तुकडा ठेवला, समोर भिंग लावले आणि मिनिटाला एक अंश या गतीने तापवत गेलो. कथील २३१.९ अंशांना वितळते. नियंत्रकावर २४९ आले तेव्हा तुकड्याच्या कडा एकदम गोलावल्या आणि क्षणात त्याचा चकचकीत मणी झाला. म्हणजे सतरा अंशांचा फरक. त्याखालचा एक बिंदू मिळावा म्हणून इंडियमवर हेच केले, ते १५६.६ अंशांना वितळते, आणि तिथे फरक दहा अंशांचा निघाला. दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढून दुरुस्ती ठरवली आहे. यापुढे या वहीत तापमान लिहिले असेल, तर ते दुरुस्त केलेले समजावे.

प्रयोगशाळेत झालेल्या क्षपणाच्या मापनात आणि मागच्या वर्षीच्या प्राथमिक वर्णपटांत जो पंधरा-वीस अंशांचा मेळ बसत नव्हता, त्यावर आम्ही बराच काळ ‘कणांच्या आकाराचा परिणाम’ असे उत्तर देत होतो. ते उत्तर आज मागे घेतले.

९ फेब्रुवारी

इंदूर. रात्रीच्या बसने पुण्याहून सिलिंडर सोडून सगळे सामान घेऊन पोहोचलो. इंडस-२ हे २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे साठवण-वलय आहे, परीघ १७२.५ मीटर. आमचे काम बीमलाइन ९ वर, म्हणजे वलयातल्या इलेक्ट्रॉनांपासून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या एका वाटेवर, आहे. येथे सिलिकॉनच्या दोन स्फटिकांनी ऊर्जा एकेक पायरी बदलत वर्णपट घेतात. शेजारच्या ८ क्रमांकाच्या लाइनवर वाकवलेला स्फटिक सगळ्या ऊर्जा एकाच वेळी पसरवून टाकतो. वेगासाठी ती केव्हाही सरस, पण भुकटीने भरलेल्या, जागोजागी जाडी बदलणाऱ्या केशनळीसाठी ती अवघड, कारण एका क्षणाला सगळी ऊर्जा एकाच बारीक ठिपक्यातून जाते आणि नमुन्यातला प्रत्येक खळगा वर्णपटात उतरतो.

दुपारभर वायूची नळजोडणी केली. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून पाहिले, बुडबुडा कुठे आला नाही. (ही नोंद परवा पुन्हा वाचावी लागणार होती.)

१० फेब्रुवारी

क्षपणाचा दिवस. हेलियममध्ये ५ टक्के हायड्रोजन, मिनिटाला दहा मिलिलिटर. कॉपर ऑक्साइडचे हायड्रोजनने क्षपण होताना मोलमागे सुमारे ८५ किलोजूल उष्णता बाहेर पडते. ती एकदम सुटली तर तांब्याचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, म्हणून कारखान्यातही हे काम पातळ हायड्रोजनने आणि सबुरीने करतात.

सकाळी एक चूक पदरात पडली. तापवण्याची गती प्रयोगशाळेतलीच, मिनिटाला दोन अंश, ठेवली होती. पूर्ण वर्णपटाला येथे वीस मिनिटे लागतात. म्हणजे एजजवळचा भाग १६० अंशांचा असेल, तर त्याच वर्णपटाची शेपटी दोनशे अंशांची. पहिला असा वर्णपट पडद्यावर आला तेव्हा तो कशाशीच जुळेना, आणि जुळणारही नव्हता, कारण तो कोणत्याही एका पदार्थाचा वर्णपट नव्हता. डोके ऑक्साइडचे आणि धड धातूचे असे ते प्रकरण होते. ती नळी बाजूला ठेवली. नव्या नळीवर फक्त एजच्या आसपासचा दोनशे इलेक्ट्रॉनव्होल्टचा भाग सहा मिनिटांत घ्यायचा, तापमान मिनिटाला एक अंश वाढवायचे, आणि पूर्ण वर्णपट फक्त तापमान स्थिर असताना, असे ठरवून पुन्हा सुरुवात केली.

यानंतरचे दोन तास या सगळ्या उपद्व्यापाचे चीज करणारे होते. सुरुवातीच्या वर्णपटात ८९८६ च्या जवळ कॉपर ऑक्साइडचा खांदा आणि त्यामागे उंच शिखर होते. १७० अंशांच्या पुढे ते शिखर दर सहा मिनिटांनी थोडे थोडे खाली बसू लागले, एजचा चढ डावीकडे सरकत ८९७९ वर आला, आणि एजनंतर धातूच्या तांब्याची ओळखीची दुहेरी लाट हळूहळू उभी राहिली. सगळे वर्णपट एकावर एक ठेवले की काही ठरावीक बिंदूंवर ते एकमेकांना छेदतात. गाठ मारल्यासारखे दिसते. २१० अंशांवर बदल थांबला.

मधल्या पाच-सहा वर्णपटांना ऑक्साइड आणि धातू यांची बेरीज पुरेशी पडत नाही. त्यांत एक-संयुजी तांब्याचा, म्हणजे क्युप्रस ऑक्साइडचा, दहा-बारा टक्के वाटा घातला तर जुळणी सुधारते. विद्यार्थिनीचे म्हणणे, हा मधला टप्पा सापडला. मला वाटते, छेदबिंदू जर इतके घट्ट असतील, म्हणजे दोनच पदार्थ असल्यासारखे, तर हा वाटा जुळणीच्या गणिताचा लाडही असू शकतो. अहवालात ‘असू शकेल’ असेच लिहायचे ठरले.

मास स्पेक्ट्रोमीटरवर वस्तुमान १८, म्हणजे पाणी, याचा उंचवटा मात्र वर्णपटातल्या बदलाच्या आधीच संपलेला दिसला, जे अशक्य आहे. शोधल्यावर कळले, की आमच्या लॅपटॉपचे घड्याळ बीमलाइनच्या संगणकापेक्षा चार मिनिटे दहा सेकंद मागे होते. त्यात नळीतून वायू पोहोचायला लागणारे चाळीस सेकंद वजा केल्यावर दोन्ही वक्र एकमेकांवर बसले. उद्यापासून दिवसाची सुरुवात वायूच्या एका छोट्या झटक्याने करायची. तो दोन्हीकडे नोंदला गेला की घड्याळांची चिंता नको.

११ फेब्रुवारी

आज सकाळी दहाच्या सुमारास आम्हाला मिथेनॉल मिळाले आणि दुपारी दोन वाजता ते परत गेले. तपशील लिहून ठेवतो.

२५० अंशांवर, एक बार दाबाला, एक भाग कार्बन डायऑक्साइड आणि तीन भाग हायड्रोजन हे मिश्रण हेलियमसह सोडले होते. तांब्याचा वर्णपट शांत, पूर्णपणे धातूचा. वस्तुमान ३२ ची रेघ मात्र संथपणे वर चढू लागली. मिथेनॉलचा रेणुभार ३२. पाळीवर असलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले, कोणीतरी पुण्याला फोनही लावला. तासाभरात ती रेघ दुप्पट झाली.

शंका यायला खरे तर दोन कारणे आधीपासूनच हाताशी होती. पहिले, या तापमानाला एक बारवर समतोलच असा आहे, की कार्बन डायऑक्साइडचा एक टक्काही मिथेनॉलमध्ये जाऊ शकत नाही. चार रेणूंचे दोन होणारी अभिक्रिया दाबाशिवाय पुढे सरकत नाही. या परिस्थितीत मुख्यतः चालते ती कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी देणारी उलटी वॉटर-गॅस अभिक्रिया. दुसरे कारण पडद्यावरच होते. मिथेनॉलचा रेणू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये फुटतो आणि त्याची सर्वांत उंच रेघ ३२ वर नव्हे, ३१ वर असते. ३१ ची रेघ सकाळपासून जागची हललेली नव्हती.

मग ३२ कोण? ऑक्सिजनचाही रेणुभार ३२. म्हणजे हवा. पण हवेचा मोठा भाग, नायट्रोजन, २८ वर येतो, आणि २८ वर कार्बन मोनॉक्साइडही येतो, शिवाय कार्बन डायऑक्साइडचा तुकडाही. तिथे कोणाची साक्ष घ्यायची? सुटका केली ती आर्गॉनने. हवेत आर्गॉन जेमतेम एक टक्का असतो, पण आमच्या सिलिंडरांत तो मुळीच नाही, कारण वाहक वायू म्हणून आम्ही हेलियम घेतला आहे. वस्तुमान ४० ची रेघ आम्ही नोंदत होतो, पाहत मात्र नव्हतो. ती उघडून पाहिली, तर ३२ च्या खांद्याला खांदा लावून चढत होती.

यावर विद्यार्थिनीने योग्य प्रश्न विचारला : हवा आत येत होती तर तांब्याचे ऑक्सिडीकरण का झाले नाही? उत्तर गळतीच्या जागेत होते. केशनळीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त असतो, तिथून वायू बाहेर जाईल, हवा आत येणार नाही. उत्प्रेरकाच्या आधी ऑक्सिजन शिरला असता, तरी गरम तांब्यावर हायड्रोजनशी त्याचे पाणी होऊन गेले असते, तो ३२ वर दिसला नसता. तो दिसतो आहे याचाच अर्थ तो उत्प्रेरकाच्या पुढे, मास स्पेक्ट्रोमीटरच्या नळीत शिरतो आहे, जिथे पंप सतत ओढत असतो. अशा जोडावर साबणाचा बुडबुडा येतच नाही. पाणी उलट आत ओढले जाते. परवा मी समाधानाने लिहिलेली ओळ या जोडासाठी निरुपयोगी होती.

बारीक नळीने प्रत्येक जोडावर आर्गॉनची फुंकर मारत गेलो आणि तिसऱ्या जोडावर ४० ची रेघ ताडकन उसळली. मीच रविवारी बसवलेले फेरूल (जोड घट्ट करणारे कडे) तिरके बसले होते. ते बदलल्यावर दहा मिनिटांत ३२ आणि ४० दोन्ही तळाला गेल्या. पुण्याला दुसरा फोन मीच केला.

१२ फेब्रुवारी

दोन पडताळण्या झाल्या. पहिली, किरणांमुळेच क्षपण होते का. ताज्या नळीत हायड्रोजनखाली १३० अंशांवर एकाच ठिपक्यावर दीड तास किरण चालू ठेवले, मग नळी दोन मिलिमीटर सरकवून किरण न पडलेल्या जागेचा वर्णपट घेतला. दोन्ही सारखे. या तीव्रतेला तरी किरणांचा उपद्रव नाही.

दुसरी, झिंक. त्याचा के-एज ९६५९ वर आहे. २५० अंशांवर अभिक्रियेच्या मिश्रणात तो झिंक ऑक्साइडसारखाच दिसतो. धातूरूप झिंक तीन-चार टक्क्यांपर्यंत असेल तर या जुळणीत ते कळणार नाही, म्हणून ‘झिंकचे क्षपण होत नाही’ असे वाक्य कुठेही लिहू नये. २०१२ मध्ये बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्याच्या पृष्ठावरील पायऱ्यांवर बसलेल्या झिंकच्या अणूंना क्रियाशीलतेचे श्रेय दिले होते. तसे झिंक एकूण झिंकचा अगदी लहान अंश असणार आणि आमचे मापन तर सगळ्या अणूंची सरासरी देते.

२६ फेब्रुवारी

पुण्यात विश्लेषण. झिंकच्या एजमुळे तांब्याचा एक्झाफ्स (वर्णपटाचा एजनंतरचा लाटांचा भाग, ज्यातून अणूंमधली अंतरे काढतात) एजपासून ६८० इलेक्ट्रॉनव्होल्टनंतर कापावाच लागतो. तरंग-सदिशाच्या भाषेत १३ प्रति अँगस्ट्रॉमच्या जरासे पुढे. एवढे पहिल्या वलयासाठी, म्हणजे सर्वांत जवळच्या अणूंसाठी, पुरते.

२५० अंशांच्या वर्णपटातून तांबे–तांबे अंतर २.५३ अँगस्ट्रॉम आले. धातूच्या तांब्यात ते २.५६ असते. कण लहान असल्याने जाळी आकसली, असा परिच्छेद मसुद्यात लिहूनही झाला होता. तीच नळी हेलियमखाली खोलीच्या तापमानाला थंड करून घेतलेल्या वर्णपटात अंतर २.५५ निघाले. तापमान वाढल्यावर अणूंची कंपने एका बाजूला अधिक पसरतात, आणि ती सममित धरून जुळणी केली की अंतर खोटेच कमी दिसते. तांब्याच्या साध्या पत्र्यावर २५० अंशांना तीच जुळणी लावली, तर तोही ‘आकसला’. परिच्छेद काढून टाकला.

शेजारी अणूंची संख्या थंड नमुन्यात १०.६ आली, त्रुटीची मर्यादा ०.८, पूर्ण धातूत ती १२ असते. काही नॅनोमीटरच्या कणांना ती शोभते, यापलीकडे अर्थ काढलेला नाही.

१८ मार्च

दाबाची तयारी. डेन्मार्कच्या टॉप्सो कंपनीतील संशोधकांनी १९९१ मध्येच केशनळीच्या मापनपात्रात तांब्याच्या मिथेनॉल उत्प्रेरकांचे विवर्तन आणि उत्पादनाचे विश्लेषण एकत्र केले होते. आम्ही त्याच वाटेने चाललो आहोत. पातळ नळी सोडून ०.१ मिलिमीटर भिंतीची घेतली आहे. ८९७९ च्या आसपास दोन्ही भिंतींतून मिळून किरणांचा एक-तृतीयांश भागच पार होतो, तरी पंधरा बारला ती बिनधास्त टिकते. जाड काचेच्या आडोशाने, आधी पाण्याने आणि मग हेलियमने, तीस बारपर्यंत तपासली. दोन नळ्या फुटल्या, दोन्ही चिकटवलेल्या टोकाशी. चिकटवण्याआधी टोक स्वच्छ करण्याचा क्रम बदलल्यानंतर एकही फुटली नाही.

२३ एप्रिल

पुन्हा इंदूर, दुसरा दिवस. पंधरा बार, २५० अंश, तेच मिश्रण. सकाळी ११:४० ला दाब स्थिर झाला. ३१ ची रेघ पार्श्वभूमीतून वर आली. क्षीण, पण निःसंशय. पार्श्वभूमी वजा केल्यावर ३२ ची उंची ३१ च्या सुमारे सत्तर टक्के, जी मिथेनॉलची असायला हवी तेवढीच. ४० सपाट. दाब पाच बारवर आणला की ३१ खाली, पुन्हा पंधरावर नेला की वर, असे तीन वेळा झाले.

आणि तांब्याचा वर्णपट? एक बारचा, पाच बारचा आणि पंधरा बारचा, तिन्ही एकमेकांवर ठेवले तर रेघ एकच दिसते. वजाबाकीत गोंगाटाखेरीज काही उरत नाही. आठ-दहा नॅनोमीटरच्या कणात पृष्ठावरचे अणू दहा-पंधरा टक्केच असतात, आणि जे काही घडते ते त्यांच्यातल्याही काहींवरच.

म्हणून उरलेल्या दोन दिवसांचा क्रम बदलला आहे. आतला धातू बदलत नाही आणि वायू बदलला की पृष्ठ बदलते, तर वायूच ठरावीक तालात बदलत राहायचा : दोन मिनिटे हायड्रोजन, दोन मिनिटे हायड्रोजनसह कार्बन डायऑक्साइड, अशी साठ आवर्तने, आणि वर्णपटातला जो भाग त्याच तालात हलतो तेवढाच गणिताने वेगळा काढायचा. एकेक पायरी चढत पूर्ण वर्णपट घेण्याइतका वेळ यात नाही, म्हणून ८९८२ इलेक्ट्रॉनव्होल्टवर स्फटिक स्थिर ठेवून फक्त त्या एका ऊर्जेची तीव्रता सेकंदागणिक नोंदायची. पहिली आवर्तने रात्री नऊला सुरू केली. पहिल्या वीस आवर्तनांनंतर सरासरीत काहीतरी हलते आहे असे दिसते, पण झडप फिरताना नळीतला दाबही ०.२ बारने हलतो आणि त्याने नमुन्यातल्या वायूची घनता बदलते. उद्या सकाळी हाच प्रयोग तांबे नसलेल्या, नुसत्या बोरॉन नायट्राइडच्या नळीवर करायचा.